घरात पाली एकदम वाढल्या कशा? आधी दिवा बघा, मग पाल

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हंजे बाकीच्यांनाही कळेल. गोव्यातलं, फोंड्याकडचं जुनं चिऱ्यांचं घर, मागच्या बाजूला नवीन स्लॅबचा भाग जोडलाय, बाल्कांवात, म्हंजे दारापुढच्या पडवीत, पांढरे एलईडी लावलेत, आणि आता गणेश चवथीची साफसफाई काढली तर फोटोंच्या मागे, स्विचबोर्डात पांढरी गोल अंडी आणि भिंतीवर लहान-मोठ्या पालीच पाली. पेस्ट कंट्रोलवाला स्प्रे मारू म्हणतो, सासूबाई म्हणतात चुकचुकली की हातातलं काम थांबवायचं, आणि तुम्हाला मुलांची काळजी की ही विषारी तर नाही ना. मी बरीच वर्षं घरांत शिरलेले साप बाहेर काढतो, त्यामुळे लोकांच्या भिंती रात्री टॉर्च मारून बघायची सवयच लागलीय, आणि साप शोधताना पाली आपोआप बघाव्या लागतात. का ते खाली येईलच.

आधी उत्तर, मग पाल्हाळ. विषारी नाही. स्प्रे नको. आणि पाली किती राहणार हे पाल ठरवत नाही, तुमचा दिवा आणि तुमच्या फटी ठरवतात. तुमच्याकडे गेल्या वर्षात या दोन्ही गोष्टी वाढल्या, नवा दिवा आला आणि जुन्या-नव्या भिंतीच्या सांध्यात फट आली, म्हणून पाली वाढल्या.

आता तुम्ही पाठवलेल्या फोटोतली पाल. ही हेमिडॅक्टिलस फ्रेनेटस, आपल्या किनारपट्टीवरच्या घरांतली सगळ्यात कॉमन. १८३६ मधे फ्रेंच शास्त्रज्ञांनी तिचं शास्त्रीय वर्णन केलं, आणि आज ती जहाजांतून, कंटेनरांतून पॅसिफिकमधल्या बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पोचलीय. शेपटीसकट चार-पाच इंच, वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. ओळखायची खूण सांगतो: शेपूट मूळची असेल तर तिच्यावर ओळीने बारीक काटेरी टोकं दिसतात, कडेच्या बाजूला तर नीटच दिसतात, आणि पाठ मात्र बऱ्यापैकी गुळगुळीत. रात्री ही फिकट, जवळजवळ पारदर्शक गुलाबी दिसते आणि तीच पाल दिवसा फटीतून बाहेर काढली तर राखाडी-तपकिरी, ठिपक्यांची, त्यामुळे लोकांना वाटतं घरात दोन जाती आहेत. कधीकधी खरंच दोन असतात हेही आहे. अंगभर खरखरीत दाणे असलेली, गडद ठिपक्यांची जी पाल कंपाउंडच्या भिंतीवर, दगडांच्या ढिगात, संडासाच्या मागे दिसते ती वेगळी, जुन्या पुस्तकांत तिला ब्रुकी म्हणायचे, आता त्या एका नावाखाली कितीतरी जाती निघाल्यात आणि खरी ब्रुकी आपल्याकडची नाहीच असं ठरलंय. मोले, सांगेकडे गेलात तर तिकडे कातळावर, मोरीखाली, जंगलखात्याच्या जुन्या इमारतींवर वीतभराहून मोठ्या दणकट पाली भेटतील, त्यातली प्रशादी म्हणून जी आहे ती १९३५ मधे कर्नाटकातल्या जोग धबधब्याच्या परिसरातून नोंदवली गेली. आणि काणकोणच्या जंगलातून १९७६ मधे वर्णन केलेली एक छोटीशी पाल तर गोव्याच्याच नावाने आहे, नेमॅस्पिस गोवाएन्सिस, ती दिवसा फिरते, डोळ्याची बाहुली गोल, बोटांना चिकटायच्या गाद्या नाहीत, नुसत्या नख्या. तिचा तुमच्या घराशी काही संबंध नाही पण मला ती आवडते म्हणून सांगितलं.

तर परत दिव्याकडे. रात्री आठ-साडेआठला बाल्कांवातला दिवा लावून जरा वेळ शांत बसा आणि कोण कुठे बसलंय ते बघा. दिव्याच्या अगदी जवळ सगळ्यात जाडजूड, मोठ्या डोक्याचा नर असणार, त्याच्या आसपास एखाद-दोन माद्या, मग उजेड कमी होत जातो तशा लहान पाली, आणि पिल्लं तर खाली जमिनीजवळ नाहीतर खिडकीच्या चौकटीत. ही बाजारातल्या मोक्याच्या जागेसारखी भानगड आहे, ज्याच्यात दम तो दिव्याखाली आणि बाकीचे गल्लीत. मोठा नर दुसऱ्या नराला हाकलतो, चावतो, आणि लहान पाल तोंडाला लागली तर खातोसुद्धा. स्वजातीची पिल्लं खाणं यांच्यात काही विशेष नाही.

आणि हे नुसतं माझं निरीक्षण नाहीये. हवाईमधे याच जातीवर फार मजेदार काम झालंय. तिथे आधीपासून एक पाल होती, लेपिडोडॅक्टिलस लुगुब्रिस, जिच्यात नर जवळपास नसतातच, सगळ्या माद्या आणि त्या नराशिवाय अंडी घालतात. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जहाजांबरोबर आपली फ्रेनेटस तिथे पोचली आणि शहरांतल्या इमारतींवरून त्या बिचाऱ्या मागे हटल्या. पेट्रेन, बोल्जर आणि केस या संशोधकांनी विमानांच्या रिकाम्या हँगरमधे दोन्ही पाली सोडून, दिवे लावून प्रयोग केले, त्याचा पेपर १९९३ मधे ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. निघालं काय, तर दिव्यामुळे किडे एकाच जागी गोळा होतात, तिथे मोठी आणि चपळ फ्रेनेटस सगळं गिळून टाकते आणि दुसरीच्या वाट्याला काही उरत नाही. पुढे १९९८ मधे पेट्रेन आणि केस यांनी दाखवलं की भिंतीवर आडोसे उभे केले की ही दादागिरी कमी पडते, कारण मग एकीला सगळी भिंत दिसत नाही. म्हंजे सपाट प्लास्टर आणि मधोमध एक भगभगीत दिवा ही फ्रेनेटससाठी सगळ्यात सोयीची रचना, आणि आपण सगळे नेमकं तेच बांधतोय. जुन्या घरात कंदिलाएवढा उजेड असायचा, किडेही पांगलेले असायचे आणि पालीही. आता प्रत्येक बाल्कांवात, प्रत्येक गेटवर पांढरा एलईडी.

त्यात आपला पाऊस. जूनमधे पहिला जोरदार पाऊस पडून उघडतो ना, त्या संध्याकाळी वाळवीला पंख फुटतात आणि दिव्याखाली नुसता खच पडतो, सकाळी केरसुणीने पंखांचे ढीग काढावे लागतात. तो पालींचा सण. पोट इतकं तट्ट भरतं की हलता येत नाही पण खाणं थांबत नाही. मे-जूनमधे अंडी घातलेली असतात ती साधारण दीड-दोन महिन्यांनी फुटतात, म्हंजे जुलै-ऑगस्ट, आणि नेमकी त्याच वेळी चवथीची साफसफाई निघते. म्हणून दर वर्षी लोकांना वाटतं की पाली एका रात्रीत वाढल्या. त्या आधीच होत्या, तुम्ही फोटो आत्ता हलवलेत.

अंड्यांचं सांगतो कारण तुमच्याकडे तीच जास्त सापडलीत. एका वेळी दोनच. गोल, साधारण एक सेंटीमीटर, घातल्यावर लगेच मऊ असतात आणि मग हवेत कडक होतात, साप किंवा सरड्याच्या अंड्यासारखी चामड्याची नाहीत, खरं चुन्याचं कवच. त्यामुळे ती सुकत नाहीत, आणि म्हणूनच लाकडाच्या, फर्निचरच्या, टाईल्सच्या खोक्यांतून ती समुद्रापार जातात. चांगली फट असली की दोन-तीन माद्या तिथेच घालतात, म्हणून स्विचबोर्डात सहा-आठ अंडी आणि जुनी फुटकी टरफलं एकत्र मिळतात. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना पटत नाही: एकदा नराशी संबंध आला की मादी ते वीर्य शरीरात साठवून ठेवते, या जातीत ३६ आठवड्यांपर्यंत ते कामाला येतं असं प्रयोगात दिसलंय. म्हणजे एकटी मादी तुमच्या नव्या सोफ्यातून आली तरी वसाहत सुरू. नर मारून टाकला म्हणून काही थांबत नाही.

आता एक काम करा, यासाठी काही लागत नाही. खिडकीच्या काचेच्या बाहेरच्या बाजूला पाल बसली असेल तेव्हा आतून टॉर्च धरून तिचं पोट बघा. मादी असेल आणि दिवस भरले असतील तर पोटाच्या दोन बाजूंना दोन पांढरे गोळे स्पष्ट दिसतील, कातडी इतकी पातळ असते. नर असेल तर मांड्यांच्या आतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारीक छिद्रांची ओळ आणि शेपटीच्या मुळाशी फुगवटा. बोटांच्या पेऱ्यांत कधी लालसर-नारिंगी ठिपके दिसतात ते गेकोबिया नावाचे पालींवरचे परजीवी माइट, माणसाला त्रास देत नाहीत. आणि पाय बघा. प्रत्येक बोटाखाली आडव्या पट्ट्यांच्या दोन रांगा, आणि पाल पाऊल उचलते तेव्हा बोट आधी टोकाकडून उलटं वर वळतं, मग पाऊल सुटतं. इतकं पटकन होतं की आधी लक्षातच येत नाही, मोबाईलवर स्लो मोशनमधे घ्या. त्या पट्ट्यांवर डोळ्याला न दिसणारे लाखो केस असतात, प्रत्येक केसाला शेकड्यांनी फाटे, आणि ते टोक भिंतीच्या इतकं जवळ जातं की नुसत्या रेणूंच्या आकर्षणावर पाल टिकते. गोंद नाही, सक्शन नाही. केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मधे एका केसाची ताकद मोजून दाखवली, प्रयोग टोके नावाच्या मोठ्या पालीवर होता पण यंत्रणा तीच. टेफ्लॉनवर मात्र पाय टिकत नाही, ओल्या भिंतीवर पण पकड कमी होते, आणि जुन्या चुन्याच्या भिंतीचं पीठ सुटत असेल तर पाल पिठासकट खाली येते. तुमच्या अंगावर पाल पडली ना, ती अशी. नाहीतर दोन नरांच्या मारामारीत. पंचांगात पाल अंगावर कुठे पडली त्याचं फळ दिलेलं असतं, ते ज्यांना बघायचं त्यांनी बघावं, पण एकदा भिंतीचा चुना पण बघावा.

चुकचुकण्याचं पण तसंच. पाल ही सरड्यांच्या घराण्यातली खऱ्या अर्थाने बोलणारी मंडळी. चक-चक-चक असा सलग आवाज मुख्यतः नर काढतो, ही जागा माझी हे सांगायला. मार्सेलिनी नावाच्या अभ्यासकाने १९७४ मधे याच जातीच्या आवाजांवर पेपर लिहिला, त्यात सलग चक-चक वेगळं, भांडतानाचा गुरगुराट वेगळा आणि पकडल्यावरची एकच चीक वेगळी असं नोंदवलंय. सासूबाईंना दुखवू नका, त्या म्हणतात तसं दोन मिनिटं थांबलात तर बिघडत काही नाही, फक्त पाल तुमच्या बोलण्यावर शिक्कामोर्तब करत नसते, ती शेजारच्या ट्यूबवरच्या नराला शिव्या घालत असते.

शेपटीबद्दल तुमच्या मुलाने विचारलंय. हो, ती स्वतःच तोडते. शेपटीच्या मणक्यांत मधोमध आधीच कमकुवत रेघ असते, स्नायू आवळले की तिथून तुटते, रक्त फारसं येत नाही, आणि तुटका तुकडा काही मिनिटं वळवळत राहतो, मांजर त्याच्यात अडकतं, पाल पसार. नवीन येते ती दोन-तीन महिन्यांत बऱ्यापैकी वाढते पण तिच्यात मणके नसतात, आत कूर्चेची एक नळी असते, बाहेरून गुळगुळीत आणि रंगही थोडा वेगळा, ती काटेरी टोकं परत येत नाहीत. म्हणजे तुमच्या भिंतीवर किती पालींची शेपूट गुळगुळीत आहे ते बघितलं की किती जणी मरता मरता वाचल्यात ते कळतं. फुकटात होत नाही हे, शेपटीत चरबी साठवलेली असते ती जाते. म्हणून मुलांना सांगा, मजा म्हणून तोडायला लावू नका.

आता विष. भारतात एकही पाल किंवा सरडा विषारी नाही. चावली तरी नुसतं चिमटा काढल्यासारखं, दात कातडीत नीट रुततही नाहीत. मुतली की कोड येतं, फोड येतात हे सगळं सांगोवांगी. पण एक खरी गोष्ट आहे ती लोक सोडून देतात: पालीच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो. दुधात, वरणात पाल पडून लोक आजारी पडल्याच्या बातम्या येतात त्यात विष नसतं, हे जंतू नाहीतर मग पाल दिसल्यावरची किळस, तिनेही ओकाऱ्या होतात. तसं अन्न टाकून द्यायचं, वाद घालत बसायचं नाही, आणि कोणाला जुलाब-उलट्या-ताप आला तर डॉक्टरकडे. ओट्यावर काळी लेंडी आणि तिच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला की ती पालीची, पांढरं म्हणजे युरिक ॲसिड. ओटा साबणाने धुवायचा, उघडी भांडी पालथी ठेवायची, माटोळी (गणपतीच्या वर बांधतात ती फळांची सजावट) बांधल्यावर तिच्यातली पिकलेली फळं घरात वाटायच्या आधी धुवायची. हसू नका, गोड फळाच्या रसावर पाल येते, जॅमच्या बाटलीच्या तोंडावर, साखरेच्या डब्यावर पण बघितलीय.

पाली ठेवल्या की डास जातात असं मात्र मी कोणाला सांगत नाही. खातात, नक्की खातात, पण त्यांना पतंग, वाळवी, लहान झुरळं, कोळी असा भरीव माल आवडतो. आणि डेंग्यूचा डास चावतो दिवसाउजेडी, तेव्हा पाल फटीत झोपलेली. तेव्हा टायरमधलं, कुंडीखालचं पाणी ओतायचं काम तुमचंच.

सापांचं आता. आपल्याकडे घरात, माडीवर, कौलांत जो साप सगळ्यात जास्त सापडतो त्यातला एक म्हणजे कवड्या. हा पालींवरच जगतो म्हटलं तरी चालेल, चिऱ्याच्या खरखरीत भिंतीवर सरसर चढतो, रात्री दिव्याजवळच्या फटीत तोंड खुपसून पाली धरतो. बिनविषारी आहे पण पट्ट्यांमुळे लोक त्याला मण्यार समजून ठेचतात. ढोबळमानाने सांगायचं तर कवड्याचे फिकट पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात, मण्यारीचे पुढे नसतात किंवा पुसट असतात आणि शेपटीकडे ठळक होतात. पण हे लांबून बघायला, यावर विश्वास ठेवून हात घालू नका, मण्यारही रात्री घरात येते आणि ती जीव घेते. मुद्दा असा की दिव्याखाली पाली, पालींमागे कवड्या, आणि मग मला फोन. ज्या घरात बेडरूमच्या खिडकीला लागून रात्रभर पांढरा दिवा जळतो तिथे परत परत जावं लागतं.

म्हणून स्प्रे नको म्हणतो. पेस्ट कंट्रोलचं औषध पालींवर नीट चालत नाही, ते किडे मारतं, औषध लागलेले किडे खाऊन पाली मरतात त्या स्विचबोर्डाच्या आत नाहीतर छताच्या वर, वास तुम्हाला, आणि बाहेरची भिंत रिकामी झाली की शेजारच्या पाली महिन्याभरात येतात कारण दिवा तसाच आहे. चिकट पॅड तर लावूच नका, पाल दोन-दोन दिवस जिवंत अडकून राहते, आणि वर मुनिया, दयाळ असे पक्षी, कवड्या सापसुद्धा त्यात अडकतात. अंड्याची टरफलं टांगणं, मोरपीस लावणं, याने काही होत नाही, पाल मोरपिसाच्या मागेच झोपते.

करायचं काय तर बाल्कांवातला पांढरा दिवा काढून पिवळसर वॉर्म एलईडी लावा, त्याच्यावर किडे बरेच कमी येतात. दाराच्या चौकटीवरचा दिवा असेल तर तो सरळ दोन-तीन मीटर लांब, कुंपणाकडे न्या, पालींना जायचं असेल तर तिकडे जातील. जुन्या-नव्या भिंतीचा सांधा सिमेंटने भरा, एसीच्या पाईपचं भोक सिलिकॉनने, दारांच्या खाली ब्रश-पट्टी, आणि सगळ्यात आधी इलेक्ट्रिशियनला बोलवून स्विचबोर्डांच्या मागची आणि इन्व्हर्टरची भोकं बंद करा. एसीच्या बाहेरच्या युनिटमधला सर्किट बोर्ड पाल आत शिरून शॉर्ट होतो हे गोव्यात कुठल्याही मेकॅनिकला विचारा, पाल मरते आणि तुमचं बिलही मोठं येतं. हे काम मेन स्विच बंद करूनच.

फट बुजवायच्या आधी रात्री बघा आत कोणी नाही ना, दहा वाजता पाली बाहेर शिकारीवर असतात तेव्हा भरलेलं बरं. सापडलेली अंडी टाकायची नसतील तर पेन्सिलने वरच्या बाजूला हलकी खूण करा आणि ती बाजू वरच राहील अशी न फिरवता उचला, कोरड्या मातीच्या कुंडीत नाहीतर काड्यापेटीत कापसावर ठेवून बाहेर सावलीत, जिथे मुंग्या लागत नाहीत तिथे ठेवा. घरातली पाल काढायची तर झाडूने मारत बसू नका, शेपूट टाकून पळेल. भिंतीवर बसलेली असताना वरून पारदर्शक डबा, मागून जाड कागद सरकवायचा, बाहेर सोडायची. पिल्लं तर इतकी हलकी असतात की कागदावर स्वतःच चढतात.

एक-दोन पाली राहतीलच, त्यांना राहू दे.